चार्जर शेवटी घ्या, आधी मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला ४८ फ्लॅटची सोसायटी, तुमचं घर चौथ्या मजल्यावर, पार्किंग स्टिल्टमध्ये. मीटर रूम बी विंगखाली आणि तुमची गाडीची जागा ए विंगच्या टोकाला. ४५ युनिट बॅटरीची नेक्सॉन बुक केली आहे. शोरूमवाले ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स घ्या म्हणतात, मेहुणे म्हणतात १५ अँपिअरचा सॉकेट बसवला की झालं, आणि सेक्रेटरी विचारतात की उद्या आग लागली तर जबाबदार कोण. तुम्ही विचारताय, कोणत्या कंपनीचा चार्जर घेऊ?

मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात २२ वर्षं काम करतोय. २०२० साली पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हापासून घरचे चार्जर बसवतो आहे. चार्जरची कंपनी हा प्रश्न माझ्याकडे सगळ्यांत आधी येतो, आणि त्याचं उत्तर मी सगळ्यांत शेवटी देतो. कारण भिंतीवरचा तो डबा खरं तर चार्जर नसतोच. घरात येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा हे एक शहाणं स्विच आहे: गाडीशी बोलतो, अर्थिंग तपासतो, किती अँपिअर घ्यायचे ते सांगतो आणि वीज सोडतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आणि जवळ सर्व्हिस असलेल्या दोन चांगल्या डब्यांत फार फरक नसतो. फरक असतो तो मीटरपासून डब्यापर्यंतच्या ५०-६० मीटरमध्ये. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

तरी आधी ७.२ किलोवॅट की मेहुण्यांच्या सॉकेटवर चालणारा ३.३ चा चार्जर, हे उरकून घेऊ. तुम्ही लिहिलंय की हिंजवडीला जाऊन-येऊन रोज ४४ किलोमीटर होतात. शहरात एसी लावून चालवली तर अशी गाडी किलोमीटरला साधारण १४० वॉट-तास खाते. म्हणजे रोजचे सहा-सव्वासहा युनिट, चार्जिंगमधली गळती धरून सात. १५ अँपिअरवर प्रत्यक्षात तीन किलोवॅट मिळतात असं धरा. अडीच तासांत काम झालं. रात्री दहाला लावली तर साडेबाराला मोकळी. रोजच्या गरजेला मेहुण्यांचं म्हणणं बरोबर आहे.

अडचण येते ती रविवारी रात्री. कोल्हापूरहून दहा टक्के बॅटरी घेऊन परत आलात आणि सोमवारी सकाळी पुन्हा लांब जायचं असेल, तर ३.३ वर पूर्ण चार्ज व्हायला पंधरा तासांच्या आसपास लागतात, ७.२ वर साडेसहा. असे प्रसंग महिन्यातून किती, ते तुम्हालाच माहीत. महिन्यातून एकदा असेल तर वाटेत अर्धा तास फास्ट चार्जरवर थांबणं स्वस्त पडतं. दर आठवड्याला असेल, किंवा घरात दुसरी इलेक्ट्रिक गाडी येणार असेल, तर ७.२ घ्या. त्याहून मोठा डबा मात्र घेऊ नका. तुमच्या गाडीतला चार्जर ७.२ च घेतो. २२ किलोवॅटचा वॉल बॉक्स लावला तरी ती ७.२ च घेणार. महिंद्राच्या बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई सारख्या ११.२ किलोवॅट घेणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांना थ्री फेज लागतं.

माझा सल्ला तुमच्यासारख्यांना असा असतो: केबल ३२ अँपिअरला पुरेल अशी टाका, आणि सुरुवातीला डबा १६ अँपिअरवर सेट करून वापरा. बहुतेक वॉल बॉक्समध्ये आतल्या छोट्या स्विचने किंवा ॲपवरून करंट कमी करता येतो. केबल एकदाच टाकायची असते. उद्या मीटरचा लोड वाढला की सेटिंग बदललं, काम झालं.

आता मीटर. उद्या सकाळी मीटर रूममध्ये जा आणि तुमच्या मीटरच्या काचेतून वाचा. सिंगल फेज मीटरवर बहुतेक वेळा ५-३० अँपिअर असं छापलेलं सापडेल. ७.२ किलोवॅटचा डबा एकटाच ३२ अँपिअर ओढतो. वर घरातला गीझर ८-९ अँपिअर, दीड टनाचा एसी ६-७ अँपिअर. म्हणजे आहे त्या मीटरवर ७.२ लावणं हे मुळातच चूक आहे, भले तो इन्स्टॉलर म्हणो की ‘चालतं सर, सगळे लावतात’. आणि ते दोन-चार महिने चालतंही. मग मे महिन्यात तीन एसी चालू असताना मीटरखालच्या कट-आउटचा (फ्यूजचा) वास यायला लागतो.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली: आहे तेच सिंगल फेज कनेक्शन, मंजूर भार महावितरणकडून वाढवून घ्यायचा आणि गाडी १५-१६ अँपिअरवर, रात्री गीझर-इस्त्री बंद असताना चार्ज करायची. दुसरी: थ्री फेज करून घ्यायचं. यात लोकांचा एक गैरसमज असतो की थ्री फेज म्हणजे गाडी तिप्पट वेगाने भरेल. तुमची गाडी एकाच फेजवर बसते, वेग तोच राहतो. फायदा वेगळाच आहे. गाडीला एक अख्खा फेज द्यायचा आणि घराचा भार उरलेल्या दोन फेजवर वाटायचा, म्हणजे दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. स्थिर आकार वाढतो, तो हिशेबात धरा. तिसरी वाट: फक्त गाडीसाठी ईव्ही वर्गवारीतलं वेगळं कनेक्शन.

यातलं कोणतं, हे तुमच्या वीजबिलावर अवलंबून आहे. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला मनाई नाही, त्याला घरगुतीच दर लागतो. पण घरगुती दर टप्प्यांचा असतो: १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, आणि पुढे. समजा तुमचं घर आज २२० युनिट वापरतं. गाडीचे महिन्याला १७५ धरले की झाले ३९५. यातले शेवटचे ९५ युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात गेले. हे फार नाही, वेगळ्या मीटरचा खटाटोप करण्याइतकं तर नाहीच. पण ज्यांचं घर एसीमुळे आधीच ४५० वर आहे, त्यांची गाडीची बहुतेक वीज ५०० च्या वरच्या दराने जाते. त्यांना वेगळं ईव्ही कनेक्शन परवडतं, कारण तिथे हे टप्पे नसतात. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून बसा, फक्त डिसेंबरचं बिल बघून ठरवू नका.

तुमच्या वर्णनावरून मला पहिली वाट योग्य वाटते, आणि दुसऱ्या गाडीचा विचार पक्का झाला की दुसरी. पण कोणतीही वाट धरा, गाडीची लाइन मीटर रूममध्ये, मीटरच्या लगेच पुढून स्वतंत्र काढायची. चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या घरातल्या डीबीमधून (मुख्य स्विचबोर्डमधून) वायर परत खाली आणायची नाही. घरात जाणारी वायर बिल्डरने घराच्या भारासाठी टाकलेली असते, आणि तुमच्या बिल्डिंगच्या वयाकडे बघता ती ४ किंवा ६ एमएमची असणार (केबलचा एमएम म्हणजे तिच्या आतल्या धातूची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये).

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती केबल. मीटर रूमपासून गाडीपर्यंतचं अंतर तुम्ही ‘साधारण चाळीस मीटर’ लिहिलंय. ते पावलांनी मोजलेलं असणार. केबल सरळ रेषेत जात नाही: मीटर रूममधून वर चढते, बीमच्या कडेने वळते, पुन्हा खाली उतरते. टेपने मोजलंत की ५५ भरतील. ६ एमएम तांब्याच्या ५५ मीटर केबलमधून ३२ अँपिअर गेले की जायचे आणि यायचे मिळून ११० मीटर होतात आणि १३ व्होल्ट वाटेतच जातात. १३ गुणिले ३२, म्हणजे ४०० वॉटपेक्षा जास्त उष्णता, जणू एक इस्त्री अर्ध्या आचेवर रात्रभर तुमच्या केबल ट्रेमध्ये चालू आहे. पूर्ण चार्जला अडीच युनिट वाया. संध्याकाळी तुमच्या भागात व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर डबा मध्येच बंद पडेल आणि तुम्ही कंपनीला फोन करत बसाल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार.

१० एमएम तांब्यावर तीच घट साडेसात व्होल्टवर येते. तांबं महाग वाटत असेल तर १६ एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड (वर लोखंडी कवच असलेली) केबल घ्या, तिचा रोध १० एमएम तांब्याच्या जवळपास इतकाच असतो. बजेट असेल तर २५ एमएम ॲल्युमिनियम, ५ व्होल्टवर येता. ॲल्युमिनियमला लोक नावं ठेवतात, पण दोष धातूचा नसतो, टोकाला केलेल्या कामाचा असतो. ॲल्युमिनियम केबल थेट एमसीबीच्या (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) स्क्रूखाली दाबायची नाही. योग्य मापाचं बायमेटॅलिक लग (केबलच्या टोकाला बसणारी दोन धातूंची टोपी), त्यात पेस्ट, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबलेलं. पक्कडीने चेपलेलं लग मी बघितलं की काम तिथेच थांबवतो.

शोरूमच्या ‘मोफत इन्स्टॉलेशन’बद्दल एवढंच विचारा की त्यात किती मीटर आणि किती एमएमची केबल आहे. किटमध्ये मोजकीच केबल असते. पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे, आणि तिथेच हात आखडता घेऊन बारीक केबल पुढे केली जाते. तुमच्या बाबतीत केबलचा खर्च डब्याच्या बरोबरीने किंवा जास्तही होईल. होऊ द्या. पैसे तिथेच घालायचे आहेत.

मेहुण्यांच्या सॉकेटबद्दल मात्र सावध करतो. पिंपळे सौदागरमध्ये एका घरी मला बोलावलं होतं, तक्रार एवढीच की गाडी रात्री मध्येच चार्जिंग थांबवते. पोर्चमधला साधा १६ अँपिअरचा सॉकेट, वर छान पांढरी प्लेट. पिन टॉप ओढला तर निघेना. काढला तेव्हा फेजच्या छिद्राभोवती तपकिरी वर्तुळ होतं आणि पितळी पिन निळसर पडली होती. प्लेट उघडली. मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल, वायरचं आवरण तळलेल्या पापडासारखं झालेलं. बोटाने दाबल्यावर मोडलं. मागे लाकडी पॅनेलिंग होतं.

गंमत म्हणून कुणी केलेलं काम नव्हतं ते. सॉकेटही चांगल्या कंपनीचा होता. पण अशा सॉकेटवर गीझर १५ मिनिटं चालतो आणि गाडी आठ तास. रोज रात्री तापायचं, रोज सकाळी थंड व्हायचं. त्यात स्क्रू हळूहळू ढिला होतो, ढिला झाला की जास्त तापतो. म्हणून गाडीचा सॉकेट स्वतंत्र लाइनवर, स्वतःच्या एमसीबीसह, धातूच्या डब्यातला, चांगल्या प्रतीचा. त्या लाइनवर पंप नको, पार्किंगचा दिवा नको. एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच नाही. दर सहा महिन्यांनी मेन बंद करून स्क्रू आवळून घ्यायचे. हे जमत असेल तर ३.३ चा पोर्टेबल चार्जर वर्षानुवर्षं बिनघोर चालतो.

संरक्षणाचं थोडं तांत्रिक आहे, पण इथे काटकसर होऊ नये म्हणून सांगतो. ३२ अँपिअरच्या डब्याला ४० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी. ३२ ला ३२ लावला तर एप्रिलमध्ये बंद बॉक्समध्ये तापून विनाकारण ट्रिप होतो. त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), आणि ती कोणत्या टाइपची हे बॉक्सवर वाचून घ्या. आपल्याकडे घरात सर्रास बसते ती एसी टाइप. गाडीच्या आत एसीचं डीसी होतं. तिथून थोडी जरी डीसी गळती मागे आली तर एसी टाइपच्या आरसीसीबीचा गाभा चुंबकाने भरून जातो, आणि मग खरा शॉक बसत असतानाही ती पडत नाही. दिसायला सगळं जागेवर, कामाला काही नाही. तुमच्या वॉल बॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल (माहितीपत्रकात लिहिलेलं असतं) तर बाहेर ए टाइप पुरते. नसेल तर बी टाइप घ्यावी लागते, ती बरीच महाग आहे. म्हणून डबा निवडताना ही एक गोष्ट मी आवर्जून बघतो. सोबत एक सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या विजांनी गाडीतला चार्जर गेला तर खर्च कितीतरी मोठा.

अर्थिंगवर माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो. एका सोसायटीत सभासदाने दोनदा डबा बदलून घेतला होता, तरी लाल दिवाच. मी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला: भार नसताना ३ व्होल्ट, भार आल्यावर १४. गाडीला हे अर्थिंग खोटं वाटत होतं आणि तिचं बरोबर होतं. मीटर रूममधल्या अर्थ पट्टीचा नटबोल्ट उघडला, आत नुसती पांढरी भुकटी. पट्टी घासून नवे बोल्ट टाकले, बाहेर नवा अर्थ पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) घेतला, दीड व्होल्टवर आलं. तोच ‘खराब’ डबा आजही चालू आहे. तुमच्याकडे डबा लावण्याआधी अर्थ पिटचा रोध मोजून घ्या, ५ ओहमच्या खाली हवाच, २ च्या आसपास असेल तर उत्तम. आणि केबलसोबत अर्थची वायर वेगळी न्या, नुसत्या आर्मरवर विसंबू नका.

सेक्रेटरींकडे आता या. त्यांची भीती खोटी नाही, आणि तुम्ही ती उडवून लावलीत तर तुमचंच काम अडेल. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की मालक स्वतःच्या घरी आहे त्या वीज कनेक्शनवर गाडी चार्ज करू शकतो. पण तो कागद तोंडावर फेकून कुणाचं मन वळत नाही. कमिटीपुढे एका पानावर रेखाचित्र ठेवा: कोणत्या मीटरवरून, किती एमएमची केबल, कुठल्या मार्गाने, कोणता एमसीबी. कॉमन मीटरची वीज एक युनिटही वापरणार नाही हे लिहून द्या. काम झाल्यावर परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट त्यांच्या फाइलला लावा. ‘जबाबदार कोण’ याचं उत्तर त्या सहीत असतं, आणि सही करणाऱ्याने काम स्वतः बघितलेलं असतं.

आणि एक विनंती, फक्त तुमच्यापुरती लाइन मागू नका. स्टिल्टच्या छताखालून रुंद केबल ट्रे एकदाच टाकण्याचा ठराव करून घ्या, खर्च वाटून. एका ठिकाणी पहिल्या चार जणांनी आपापली वायर केसिंगमधून नेली. गाड्या अकरा झाल्या तेव्हा मीटर रूमच्या दाराशी वायरींचा असा गुंता होता की कुणाची कुठली हे कळायला माझी दोन माणसं दिवसभर लागली. तिथे ट्रान्स्फॉर्मरवरचा भारही आधी कुणी मोजला नव्हता. ४८ फ्लॅटमध्ये आज तुम्ही पहिले आहात, पाच वर्षांनी वीस जण असतील. सगळ्यांनी रात्री नऊला ७.२ वर लावल्या तर ट्रान्स्फॉर्मर उभा राहणार नाही. १६ अँपिअरवर आणि वेगवेगळ्या वेळी लावल्या तर त्याच ट्रान्स्फॉर्मरवर बऱ्याच गाड्या निघतात. हा हिशेब पहिल्या माणसानेच मांडावा असं मला मनापासून वाटतं.

डबा जमिनीपासून चार फुटांवर लावा. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, त्यानंतर मी याहून खाली एकही डबा लावलेला नाही. गाडीचं चार्जिंगचं तोंड कोणत्या बाजूला येतं ते बघून जागा ठरवा, म्हणजे केबल चालणाऱ्यांच्या पायात येणार नाही. स्टिल्टमध्ये मुलं सायकली फिरवतात.

काम पूर्ण झालं की वायरमनला चहा देऊन लगेच पाठवू नका. गाडीची बॅटरी निम्म्याच्या खाली असताना ठरलेल्या पूर्ण करंटवर लावा आणि त्याला एक तास थांबवून घ्या. तासाभराने क्लॅम्प मीटरने अँपिअर, डब्यापाशी व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मीटर रूममधल्या प्रत्येक लगचं तापमान वहीत लिहून घ्या. सारखा करंट वाहणाऱ्या शेजारच्या लगांपैकी एक दहा-पंधरा अंशांनी जास्त दिसला तर तो जोड कच्चा आहे, तिथल्या तिथे उघडून पुन्हा करायला सांगा. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्या हाताने दाबा. गाडी थांबली पाहिजे. हे बटण पुढेही दर महिन्याला एकदा दाबायचं आहे, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ते कुठे आहे हेही त्याच दिवशी दाखवून ठेवा.

अंतर टेपने मोजून, मीटरवरचा छापील आकडा आणि अर्थ पिटचं रीडिंग कळवा. मग कोणता डबा घ्यायचा ते दोन ओळींत सांगतो.